काठ्यांची पावसाळी सुट्टी

राजारामपुरीत पत्ता सांगणं एकदम सोप्पं. गल्ली नंबर सांगा, काम झालं! ऑफिस सुटल्यावरची मेन रोडची गर्दी, जनता बाजारचा चौक, शॉपिंग, कॉफी... वीकडेज असे जातात. पण जुलै उजाडला की गप्पांचा विषय एकच, पन्हाळा ते पावनखिंड! जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून विशाळगडाकडे गेले, ती ही वाट. साधारण पन्नास किलोमीटर, दोन दिवस आणि गुडघ्याएवढा चिखल. नाद खुळा!

हल्ली या वाटेवर हातात ट्रेकिंग पोल दिसतात. मे महिन्यात हिमालय करून आलेल्यांकडे तर हमखास. ट्रेक संपतो, सोमवारी ऑफिस असतं आणि चिखलाच्या काठ्या कव्हरसकट माळ्यावर जातात. त्या उतरतात थेट डिसेंबरच्या सुट्टीत.

गंमत बघा. औली, गुलमर्गच्या बर्फात स्कीइंग करणाऱ्यांच्या काठ्यांना सुट्टी मिळते उन्हाळ्यात. आपल्या काठ्यांना मिळते ऐन पावसाळ्यात! पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला कधी पोचते याकडे सगळं कोल्हापूर डोळे लावून बसलेलं असतं, तेव्हा घरात जीन्ससुद्धा दोन दिवस वाळत नाही. मग बंद कव्हरातली काठी कशी वाळणार?

स्कीची काठी बहुतेक वेळा अखंड असते. ट्रेकिंगची मात्र दोन-तीन नळ्यांची, एकात एक सरकणारी. ओल आणि माती नेमकी त्या सांध्यात अडकते. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, स्क्रू गंजतात, नळ्या जाम होतात. कार्बनची काठी गंजत नाही, पण तिच्यावर खोल ओरखडा किंवा चीर असेल तर ती ताणाखाली मोडू शकते.

मग करायचं काय? घरी आल्या आल्या सगळे भाग वेगळे करा. ओल्या फडक्यानं माती पुसा, मग कोरड्या फडक्यानं. रात्रभर पंख्याखाली ठेवा. हीटर किंवा ड्रायर नको, मुठीचा फोम आणि कॉर्क खराब होतो. घामानं खारट झालेले पट्टे सौम्य साबणानं धुवा. लॉक सैल ठेवा आणि काठ्या कव्हरात न कोंबता कपाटाच्या कोपऱ्यात उभ्या करा. महिन्यातून एकदा नळ्या सरकवून बघा.

आणि हो, तेल अजिबात नको! घरात सायकलच्या चेनचं तेल असतं, हात शिवशिवतात. पण काठीचं लॉक घर्षणावरच चालतं. तेल लागलं की ते घसरतं.

घसरलं तर काय होतं? चढावर फारसं काही नाही. उतारावर मात्र सगळा भार काठीवर असतो आणि नेमकी तेव्हाच ती आत सरकते. पुढे ओला कातळ आणि तुमचा गुडघा! नवी काठी ऑनलाईन दोन दिवसांत येईल, गुडघ्याची डिलिव्हरी अजून सुरू झालेली नाही.

तेव्हा या रविवारी मेन रोडवर चक्कर मारायच्या आधी माळ्यावर एक चक्कर माराच!