काळा दगड आणि रंगीत उजेड

गेल्या रमजान ईदला माझा भाचा हैदराबादहून देवणीला आला. शिरखुर्मा झाला, गळाभेटी झाल्या आणि रात्री जेवणं आटोपल्यावर त्यानं बॅगेतून एक लहानसं यंत्र काढलं. अंगणातली चुन्याची भिंत त्यानं आधीच हेरून ठेवली होती. म्हणाला, "मामू, बत्ती बंद करो. कुछ दिखाना है."

तो ज्या कंपनीत काम करतो ती जुन्या वास्तूंमधले ध्वनि-प्रकाशाचे खेळ नवे करून देते. या कामाला प्रोजेक्शन मॅपिंग म्हणतात. दुसरीकडे नोकरीसाठी दाखवायला त्यानं स्वतःच्या हौसेनं एक नमुना तयार केला होता. विषय घेतला होता आपल्या उदगीरचा किल्ला.

अंगणात अंधार झाला आणि भिंतीवर किल्ल्याचा दरवाजा उभा राहिला. एकेक दगड बाजूला सरकला, आतून घोडे धावत आले, तोफा धडाडल्या. १७६० सालची उदगीरची लढाई. पोरांनी टाळ्या पिटल्या. माझ्या आपांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा शिकला, त्याचं चीज झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मलाही अभिमान वाटला. पण पाहता पाहता काहीतरी खटकू लागलं. सदाशिवरावभाऊंची सगळी फौज भगवी होती आणि समोरची सगळी फौज हिरवी. मध्ये एकही माणूस नव्हता.

मी विचारलं, "इब्राहिमखान कुठं आहे?"

भाचा म्हणाला, "कौन इब्राहिमखान?"

मी गप्प झालो. उदगीर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या मैदानावर ज्याच्या तोफांनी निजामाच्या फौजेला जेरीस आणलं तो इब्राहिमखान गारदी, आणि आमच्याच घरातल्या पदवीधर मुलाला त्याचं नाव माहीत नाही! दोष त्याचा कसा म्हणू? मामू म्हणून मी तरी कधी सांगितलं होतं?

त्या रात्री मला अब्बांबरोबर पाहिलेला गोवळकोंडा आठवला. तिथला ध्वनि-प्रकाशाचा खेळ १९९३ साली सुरू झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही उदगीरहून रेल्वेनं हैदराबादला गेलो होतो. दिवसा फतेह दरवाजाखाली टाळी वाजवली आणि ती वर बालाहिसारला ऐकू जाते याची मौज घेतली. संध्याकाळी राणीमहालाच्या पडक्या भिंतींसमोर खुर्च्यांवर बसलो. डास चावत होते. अंधारात अमिताभ बच्चन यांचा आवाज घुमू लागला. चित्र एकही नव्हतं. कधी या कमानीवर तांबडा दिवा, कधी त्या झरोक्यावर निळा, एवढंच. घोड्यांच्या टापा डावीकडून उजवीकडे गेल्या तेव्हा अब्बांनी खरोखर मान वळवून पाहिलं.

परतताना ते म्हणाले, "दिवा दाखवत होता, पण पाहत आपणच होतो." अब्बा निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले. त्यांनी आपल्या मनातला तानाशहा पाहिला असेल. १६७७ साली शिवाजी महाराज त्याच्या भेटीला गोवळकोंड्याला आले होते. त्याचा कारभार मादण्णा आणि आक्कण्णा हे दोघे भाऊ पाहत. पुढे १६८७ साली औरंगजेबानं तो किल्ला घेतला आणि तानाशहा दौलताबादच्या कैदेत गेला. एका मुसलमान बादशहानं दुसऱ्या मुसलमान सुलतानाचं राज्य बुडवलं. या इतिहासाला दोन रंग पुरतील का?

हा खेळ मुळात फ्रान्सचा. १९५२ साली शांबोर नावाच्या राजवाड्यात तो प्रथम झाला. आपल्याकडे दिल्लीच्या लाल किल्ल्यात तो १९६५ साली आला. दिवे, ध्वनिफीत आणि निवेदन एवढ्यावर तो कित्येक वर्षं चालला. आता जुने दिवे काढून प्रोजेक्टर बसवतात. भाच्यानं मला हे काम समजावून सांगितलं. आधी वास्तू लेसरनं मोजून घेतात. प्रत्येक कमान, प्रत्येक कोनाडा संगणकात उतरतो. मग त्या मापाला चित्र वाकवून बसवतात, म्हणजे कमानीचं चित्र नेमकं कमानीवरच पडतं. मोठ्या भिंतीला एक यंत्र पुरत नाही. दोन-चार यंत्रांच्या चित्रांच्या कडा एकमेकींत अशा मिसळतात की सांधा दिसू नये. पूर्वीच्या यंत्रांतला दिवा हजार-दीड हजार तासांत बदलावा लागे, लेसरची यंत्रं वीस हजार तासांपर्यंत चालतात. संरक्षित वास्तूत खिळा ठोकता येत नाही, म्हणून यंत्र वेगळ्या खांबावर ठेवायचं आणि तारा जमिनीवरून नळीतून न्यायच्या. धूळ, वटवाघळं आणि उन्हाळा हे तिघे यंत्राचे वैरी.

"और मामू, काला पत्थर उजाला खा जाता," तो म्हणाला. पांढऱ्या चुन्यावर, संगमरवरावर चित्र खुलतं. आपल्याकडच्या काळ्या दगडावर तेच चित्र उठवायला कितीतरी पट जास्त उजेड लागतो.

लाल किल्ल्यात 'जय हिंद' हा नवा खेळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मी तो पाहिला. नौबतखान्याच्या भिंतीवर चित्रं चढली, नट आले, नर्तक आले, बाहुल्या आल्या. मराठ्यांचा उदय, १८५७, आझाद हिंद सेनेवरचा खटला, सगळं डोळ्यांपुढून गेलं. डोळे दिपले हे खरं. पण दिवाण-ए-खासपाशी आलो आणि माझं मन उदगीरला गेलं. फेब्रुवारी १७६० मध्ये भाऊंनी उदगीर जिंकलं, निजामाला दौलताबाद, बऱ्हाणपूर यांसारखी ठाणी सोडावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीच फौज दिल्लीत होती. पैशाची तंगी होती, म्हणून याच दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून रुपये पाडले गेले. फौजेबरोबर इब्राहिमखान होताच. तो आधी निजामअलीच्या चाकरीत होता. पेशव्यांकडे आला आणि मग शेवटपर्यंत त्यांचाच राहिला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर त्याचे गारदी कापले जाईपर्यंत लढले. तो जखमी होऊन अब्दालीच्या हाती सापडला आणि मारला गेला. इकडे निजामअलीचा दिवाण होता विठ्ठल सुंदर. तो १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत पेशव्यांशी लढताना पडला. आता भगवा कोणाला द्यायचा आणि हिरवा कोणाला?

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला हे सगळं सांगितलं. तो ओशाळला. म्हणाला, "मामू, मैंने रंग सोचके नहीं दिये. फौजां तयार मिलते, रंग उसमेंच रहता." म्हणजे आधीच रंगवलेल्या फौजा बाजारात विकत मिळतात आणि आमचं पोर त्या आणून आमच्याच किल्ल्यावर चढवतं. त्यानं कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. मला भीती वाटली ती याचीच.

दगड बिचारा काही बोलत नाही. त्याच्यावर जे चित्र टाकाल ते तो अंगावर घेतो. आवाजाच्या खेळात निदान पाहणाऱ्याच्या मनाला जागा होती. चित्राच्या खेळात तीही भरून टाकलेली असते. समोर बसलेली शाळेची पोरं जे पाहतील तोच इतिहास समजून घरी जातील. म्हणून यंत्र नवं करताना संहिताही तपासायला हवी. यंत्र बदलायला पैसा लागतो, संहिता बदलायला वाचन लागतं. ते आपण करत नाही आणि मग आपलं नाव गाळलं म्हणून चौकात बसून कुरकुरतो. माझाही त्यात वाटा आहे.

ईदची सुट्टी संपेपर्यंत आम्ही दोघं रोज रात्री बसलो. त्यानं दोन्ही फौजांचे रंग काढून टाकले. मातीचा, धुळीचा रंग दिला. तोफांपाशी एक माणूस उभा केला. त्याचा चेहरा कसा असेल, यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी चेहरा दाखवायचाच नाही असं ठरलं. पाठमोरा माणूस आणि त्याचं नाव, बस्स.

त्या नमुन्यानं नोकरी मिळाली की नाही, असं कोणी विचारतं. नाही मिळाली. रंग कमी पडले, असं त्याला सांगण्यात आलं. फोनवर तो हसत होता. मग म्हणाला, "मामू, बकरीद कू आतौं. विठ्ठल सुंदर का बी कुछ पढ़के रखो."

मी ग्रंथालयातून पुस्तक आणून ठेवलं आहे.