स्मिता की सुमिता

तेच तिकीट तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी मरोळ नाक्याला मेट्रोतून उतरत होतो. फोनवर विषय दिसला: 'सभासदांची नावे बरोबर दिसत नाहीत'. आधीची दोन मीच बंद केली होती. पहिल्या वेळी लिहिलं होतं, 'फाइल चुकीच्या फॉन्टमध्ये सेव्ह केलेली आहे, कृपया युनिकोडमध्ये करून पुन्हा अपलोड करावी.' दुसऱ्या वेळी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. 'युजर एरर' हा पर्याय निवडला, क्लोज केलं आणि जेवायला गेलो.

मी जावामध्ये वेब ॲप्लिकेशन्स लिहितो. खरं तर लिहितो कमी आणि लिहिलेलं का चालत नाही ते शोधतो जास्त. ऑफिस अंधेरी पूर्वेला, सीप्झच्या भिंतीबाहेर. १९७३ साली ही वसाहत निर्यातीसाठी उभी राहिली आणि आजही तिच्या आजूबाजूच्या बहुतेक इमारतींमध्ये लांबच्या देशांतल्या लोकांची कामं चालतात. आमच्याकडे मात्र एक घरचं गिऱ्हाईक होतं, पूर्व उपनगरांत शाखा असलेली एक सहकारी पतसंस्था. शाखेत नव्या सभासदांची यादी मराठीत टाइप व्हायची, तिची सीएसव्ही फाइल अपलोड व्हायची, रात्री आमचा प्रोग्राम ती वाचून डेटाबेसमध्ये भरायचा. सभासदाचं नाव, पत्ता, वारसाचं नाव. पाच वर्षं विनातक्रार चाललं होतं.

आता २०२४ चा मार्च होता, म्हणजे मार्च एंड. पासबुकं छापायची होती आणि नव्या सभासदांच्या नावाच्या जागी कचरा येत होता.

कचरा कसा, ते सांगतो, कारण तो नीट पाहिला असता तर पहिल्याच दिवशी मला उत्तर मिळालं असतं. मराठी मजकूर बिघडण्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोनी ठोकळे दिसले तर बहुधा फक्त फॉन्ट नाही, मजकूर सुखरूप आहे. साधी प्रश्नचिन्हं दिसली तर बहुतेक वेळा खेळ संपला. मराठी अक्षरांना जागाच नसलेल्या एखाद्या पश्चिमी वर्णसंचात मजकूर कोंबायचा प्रयत्न झाला आणि जावाने जे मावलं नाही तिथे गुपचूप प्रश्नचिन्ह ठेवलं. एररही येत नाही. दिसायला हा प्रकार सगळ्यात सभ्य आणि सगळ्यात घातक.

तिसरा प्रकार दिसायला भयंकर असतो, पण आशा असते. एका मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन चित्रविचित्र चिन्हं येतात. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. (ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडली. मी भेळेच्या कागदावर फार तर हिशेब केलेत.) वाचणाऱ्याने ही पद्धत ओळखली नाही तर तो प्रत्येक बाइट म्हणजे एक स्वतंत्र अक्षर समजतो. मग पहिल्या जागी नेहमी डोक्यावर तिरपी रेघ असलेला लहान रोमन ए येतो. दुसऱ्या जागी चलनाचं गोल चिन्ह नाहीतर जपानी येनचं. तिसऱ्या जागी खरी गंमत असते. काना म्हणजे पाऊणचा अपूर्णांक, म म्हणजे गोलातला आर, र म्हणजे तापमानाची डिग्री. ऱ्हस्व वेलांटी उलट्या प्रश्नचिन्हासारखी दिसते आणि दीर्घ वेलांटी येनपुढे युरो घेऊन येते. काही दिवस बघितलं की हा कचरा वाचता येतो. मी आता वाचतो.

तिकिटाला जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये हे सगळं स्वच्छ दिसत होतं. पण आपल्याकडच्या ऑफिसांत मराठीचं काहीही बिघडलं की त्याला 'फॉन्टचा प्रॉब्लेम' म्हणायची पद्धत आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या काळात ते खरंही होतं, तेव्हा फॉन्ट बदलला की मजकूरच बदलायचा. मीही सवयीने तेच म्हणालो. शिवाय माझ्या लॅपटॉपवर तीच फाइल टाकून पाहिली होती. नावं झकास दिसली. माझ्याकडे चालतंय म्हणजे चूक तिकडची, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना युक्तिवाद.

तिसऱ्या तिकिटासोबत शाखेतल्या डेटा एंट्रीच्या ताईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या. 'यादी तिसऱ्यांदा पूर्ण टाइप केली आहे. दोन रविवार येऊन केले. तरी तसेच दिसते. कृपया बघावे.'

दोन रविवार. माझ्या एका क्लिकमुळे.

त्या दिवशी मी पहिल्यांदा फाइल बाइटच्या पातळीवर उघडली. 'स' साठी जे तीन बाइट असायला हवेत, ई०, ए४, बी८, तेच होते. फाइल निर्दोष होती. म्हणजे ती वाचताना बिघडत होती, आणि वाचणारा कोड आमचा. मग आठवलं की जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी संस्थेने आपला सर्व्हर लिनक्सवरून विंडोजवर हलवला होता. कोडमध्ये एकही अक्षर बदललं नव्हतं, म्हणून आम्ही कोणी लक्ष दिलं नव्हतं.

ज्यांना जावाशी देणंघेणं नाही त्यांनी एवढंच समजा: फाइल वाचताना ती कोणत्या पद्धतीने लिहिलेली आहे हे सांगितलं नाही, तर जुना जावा ज्या मशिनवर चालतो त्या मशिनची सवय उचलतो. माझ्या उबुंटूची सवय युटीएफ-८. त्या विंडोज सर्व्हरची विंडोज-१२५२, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांसाठीची. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून हे बदललं, आता सगळीकडे युटीएफ-८ गृहीत असतं. आमचं ॲप्लिकेशन जावा ८ वर होतं, जे २०१४ चं. कोडमध्ये 'फाइल-रीडर' वापरला होता आणि जावा ११ येईपर्यंत त्याला पद्धत सांगायची सोयच नव्हती. त्यासाठी दुसरा क्लास वापरायचा असतो, हे कॉलेजात चार वर्षं जावा शिकूनही मला माहीत नव्हतं.

मला, कारण ती ओळ माझी होती. ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या कमांडचं नावच 'ब्लेम' आहे. तिने माझं नाव दाखवलं, २०१८, नोकरीचा दुसरा महिना.

दुरुस्ती एका ओळीची. दुपारपर्यंत ती सर्व्हरवर गेली आणि त्या रात्रीची यादी बरोबर आली. प्रश्न जानेवारीपासून भरलेल्या ३८४ ओळींचा होता. प्रोग्राम वाचून झालेली फाइल डिलीट करायचा (तेही मीच लिहिलेलं, 'डिस्क साफ राहावी' अशी टीप टाकून), आणि शाखेतल्या ताई रोज त्याच फाइलवर नवी यादी चढवायच्या. पुन्हा टाइप केलेली होती ती फक्त शेवटच्या आठवड्याची.

मी निश्चिंत होतो. कचरा उलटा फिरवता येतो, चुकीच्या पद्धतीने वाचलेलं त्याच चुकीच्या पद्धतीने परत बाइटमध्ये लिहायचं आणि मग बरोबर पद्धतीने वाचायचं. वीस ओळींचा प्रोग्राम. चालवला, आणि 'पाटील', 'माने', 'शिंदे' ताठ उभे राहिले. 'सुर्वे' मात्र मध्येच फुटलेले.

विंडोज-१२५२ च्या तक्त्यात २५६ घरं आहेत आणि त्यातली पाच रिकामी: ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. जावाला यातलं घर लागलं की तो काळ्या शंकरपाळीत पांढरं प्रश्नचिन्ह ठेवतो आणि मूळ आकडा विसरतो. आता आपलं नशीब बघा. ८१ वर संपतो पहिला उकार. ८डी वर संपतो हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण, जिच्याशिवाय एकही जोडाक्षर बनत नाही. दोघांच्या आधी येनचंच चिन्ह. म्हणजे प्रत्येक जोडाक्षर आणि प्रत्येक ऱ्हस्व उकार यांच्या जागी आता एकसारखी शंकरपाळी होती, आणि ती कशाची हे मशिनला सांगता येणार नव्हतं. 'सुर्वे'त दोन शंकरपाळ्या, म्हणून चार शक्यता: सुर्वे, सुरुवे, स्र्वे, स्रुवे. कुलकर्णींचं 'कुलकरुणी' होऊ शकत होतं. झ आणि ए यांचंही असंच, ९डी आणि ८एफ. झेंडे कुटुंबाची मी इथेच माफी मागतो.

दुसरा प्रोग्राम लिहिला: प्रत्येक नावाच्या सगळ्या शक्यता काढायच्या आणि संस्थेच्या जुन्या, शाबूत सभासदांच्या नावांशी ताडून बघायच्या. बहुतेक नावं सुटली. साठेक उरली. ती मी घेऊन घरी आलो, मुलुंडला, आणि जेवण झाल्यावर आईसमोर ठेवली.

आई भांडुपच्या एका शाळेत मराठी शिकवायची. चष्मा लावून तिने यादी धरली आणि लाल पेनाने खुणा करायला लागली, जणू कोणाची वही तपासतेय. एका नावाशी मी म्हणालो, हा ध्रुवे असणार. ती म्हणाली, "ध्रुवे कशाला? धुर्वे. विदर्भातलं आडनाव आहे, माझ्या वर्गात होता एक." मी ध्रुव ताऱ्याच्या भरवशावर ते नाव ठोकून दिलं असतं.

मध्येच तिने विचारलं, "पण एवढं काय अडलंय? हाक मारायला चालतंय ना?" आणि स्वतःच गप्प झाली. बाबा गेले तेव्हा एका बँकेत तिचं नाव एका कागदावर 'विद्या' होतं आणि दुसऱ्यावर 'विदया'. कोणीतरी टाइप करताना पाय मोडायला विसरलं होतं. त्या एका खुणेपायी शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र, नोटरी, दोन साक्षीदार आणि चार महिने खेटे. मी तेव्हा थर्ड इयरला होतो. माझ्या यादीतला तिसरा रकाना वारसाच्या नावाचा होता.

शेवटी अकरा नावं उरली. ती आईलाही सोडवता येईनात, कारण दोन्ही उत्तरं बरोबर होती. स्मिता आणि सुमिता, दोघींचा कचरा बाइट-बाइट सारखा. सुवर्णा आणि स्वर्णा. स्मित आणि सुमित. "हे त्यांनाच विचार," आई म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी टीम लीडने झालेल्या प्रकाराचा अहवाल मागितला. मी लिहिला: 'सर्व्हर स्थलांतरामुळे एन्कोडिंगमध्ये विसंगती.' यात खोटं काही नव्हतं. लीडने 'गुड' म्हटलं. मग मी अकरा नावांसाठी शाखेत फोन लावला.

"बोला सर," ताई म्हणाल्या. मी सर नाही, त्या माझ्या मावशीच्या वयाच्या असाव्यात. कागदी फॉर्मचे गठ्ठे त्यांच्याकडे होते. मी क्रमांक सांगायचो, त्या फॉर्म काढायच्या आणि जोडाक्षर फोडून सांगायच्या. "स्मिता. सला म. ...ही सुमिता, पहिला उकार. ...ही सुवर्णा." मागे शाखेतला पंखा आणि कोणीतरी टोकन पुकारत असलेलं ऐकू येत होतं.

अकरावं झाल्यावर मी म्हणालो, "ताई, तुमची फाइल पहिल्यापासून बरोबर होती. चूक आमच्या प्रोग्राममध्ये होती. तो मीच लिहिलाय. आणि तिकिटं पण मीच बंद केली."

थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.

"म्हणजे माझा फॉन्ट बरोबर होता?"

"हो."

"मला ट्रेनिंगला पाठवायचं ठरलंय सर. मीटिंगमध्ये नाव घेऊन सांगितलं सगळ्यांसमोर." मग म्हणाल्या, "तुम्ही आत्ता म्हणालात ते जरा मेलवर लिहून द्याल? मराठीत. साहेबांना पण पाठवा, आणि वरच्या ऑफिसला."

हो म्हणालो. एका ओळीची दुरुस्ती करायला मला वीस मिनिटं लागली होती, ही सहा ओळींची मेल संध्याकाळी ऑफिसात सुरू करून घाटकोपरच्या पुलावर, गर्दीत एका कडेला उभं राहून संपवली. आधी 'आमच्याकडून' लिहिलं, ते खोडून 'माझ्याकडून' केलं. दोन 'युजर एरर' तिकिटांचे क्रमांक टाकले. लीडला कॉपीत ठेवलं आणि पाठवली. लीडने रात्री फोन करून विचारलं की हे आधी मला दाखवायला काय झालं होतं. त्याचंही बरोबर होतं.

ताईंचं उत्तर सकाळी आलं, भांडुप आणि कांजुरमार्गच्या मध्ये गाडी थांबलेली असताना. आभार वगैरे काही नव्हतं. 'सर, काल सातवा फॉर्म घाईत वाचला. ती सुवर्णा नाही, स्वर्णा आहे. सभासद स्वतः आल्या होत्या, विचारून घेतले. कृपया दुरुस्त करावे.'

ऑफिसला पोचल्यावर आधी ते केलं.