वाया गेला

शिवडीच्या चाळींत हा दोन शब्दांचा गडी प्रत्येक मजल्यावर ओळखीचा आहे. पाणी यायच्या वेळेला तो नळावर असतो, दहावीच्या निकालाच्या दिवशी जिन्यात उभा असतो, आणि लग्नाच्या पंगतीत ताक वाढायच्या सुमाराला हमखास येतो. आवाज नेहमी खालचा. ज्याच्याविषयी बोलायचं तो समोर असला की हा गप्प. त्याच्या आईपुढे तर कधीच तोंड उघडत नाही. ती हंडा घेऊन वळली, की मागून हळूच येतो : ‘‘धाकटा ना त्यांचा? वाया गेला.’’ झालं, एवढ्यात निकाल लागतो. मुलींच्या वाटेला तो फारसा जात नाही; त्यांच्यासाठी लोकांनी याहून वाईट शब्द राखून ठेवलेत.

त्याची भावंडं पुष्कळ. ‘भरकटला’ मूळचा तारवावरचा, बंदराच्या बाजूचा. ‘घसरला’ रुळांजवळचा, गोदामांमधून पोर्ट ट्रस्टच्या मालगाड्या जायच्या तेव्हापासून इथलाच. ‘बिघडला’ यंत्रांच्या सोबतीत वाढलेला, ‘नादाला लागला’ नाक्यावर उभा. पण ही सगळी मनानं बरी माणसं. भरकटलेलं तारू वारा फिरला की किनाऱ्याला लागतं. घसरलेला डबा पुन्हा रुळांवर चढवतात. बिघडलेलं दुरुस्त होतं, नाद सुटतो. ‘वाया गेला’ मात्र भूतकाळातच जन्माला आलाय. ‘वाया जातोय’ म्हटलं तर मामाला बोलावता येतं, क्लास लावता येतो, गावी धाडता येतं. ‘गेला’ म्हटलं की सगळे हात आवरून घेतात. म्हणून मला हा शब्द शिवीपेक्षा वाईट वाटतो. शिवी देणाऱ्याला निदान समोरच्याकडून उत्तराची अपेक्षा असते.

गिरण्यांभोवती वसलेल्या या गिरणगावात त्याचं बस्तान कधी बसलं, हे पाहायला हवं. शब्द जुनाच, पण गिरण्या चालू होत्या तोवर त्याला इथं फारसं काम नव्हतं. पोरगं दहावीला आपटलं, तर बाप चार दिवस बोलायचा नाही आणि पाचव्या दिवशी माणसं कामाला लावणाऱ्या जॉबरला भेटायचा. पोरगं बदली म्हणून लागायचं. भोंग्याबरोबर गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर आत, नाही तर घरी. पुढं साचेखात्यात कायम झालं की लग्न ठरायचं. नापास मुलालाही जायला एक वाट होती, आणि ती चाळीच्या दारातून थेट गिरणीच्या दारात जात होती.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो माणसं परत कामावर गेलीच नाहीत आणि गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. शिवडीची स्वान मिलही त्यातच गेली. संपाच्या त्या वर्षांत जी पोरं पंधरा-सोळाची होती, ती वेळेवर, बापाच्याच वाटेनं, गेटपर्यंत आली होती. गेट बंद होतं. मग ती नाक्यावर उभी राहिली. कुणी वडापावची गाडी लावली, कुणी गोदीत हमाली धरली, काहींना टोळ्यांनी उचललं. वाट संपली होती, आणि नावं ठेवली गेली पोराच्या चालीला.

गिरणीत तर काहीच वाया जात नसे. पिंजताना खाली पडणारा कापूस, कातताना तुटलेलं सूत, सगळ्याला ‘वेस्ट’ म्हणत. तो झाडून गोळा व्हायचा, पोत्यांत भरला जायचा, विकला जायचा. त्यातूनही जाडंभरडं सूत निघे. उरलेल्याचे बोळे मशीन पुसायला आणि पाळी सुटताना हातावरचं तेल काढायला वापरत. चिमूटभर कापसाला गिऱ्हाईक होतं. त्या कापसावर जगलेल्या घरातल्या मुलाला मात्र आपणच टाकाऊ ठरवलं.

जयंत पवारांनी 1997 मध्ये संपानंतरच्या अशाच एका घरावर नाटक लिहिलं. घर गिरणी कामगाराचं, मुलं हाताशी काम नसलेली, त्यातला एक गुंडगिरीत गेलेला. नाटकाला त्यांनी नाव दिलं ‘अधांतर’. हे नाव मला फार मोलाचं वाटतं. अधांतरी असलेल्याच्या पायाखालची जमीन कुणीतरी काढून घेतलेली असते. त्यात त्याचा गुन्हा नसतो. चाळीनं हा शब्द उचलला असता, तर निदान त्या घरांतल्या आयांना नळावर मान वर करून उभं राहता आलं असतं.

गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी बांधलेल्या घरांची सोडत पुढं म्हाडानं काढली. 2012 मध्ये 6,925 घरं निघाली, अर्ज आले होते दीड लाखाच्या आसपास. म्हणजे तीस वर्षांनंतरही बहुतेकांच्या हाती चिठ्ठी लागली नाही. तोवर ती पोरं पन्नाशीकडे झुकली होती आणि हा दोन शब्दांचा गडी त्यांना सोडून त्यांच्या मुलांच्या मागं लागला होता.

आज तो तिसऱ्या पिढीच्या दारात उभा आहे. शिवडीत, काळाचौकीत, लालबागेत कुणा पोराबद्दल तो तुमच्या ओठांवर आला, तर एवढंच करा : त्या पोराच्या आजोबांची गिरणी कोणती होती आणि ती कधी बंद झाली, ते आधी विचारा.