चौथी सीट

२ ऑगस्ट २०२५, डोंबिवली

भाचीला नुसत्या मजकुराचा खेळ करायचाय. चित्र नाही, आवाज नाही. खेळणाऱ्यानं वाक्य टाइप करायचं, खेळानं वाक्यातच उत्तर द्यायचं. एआयला तिनं मराठीत साहसखेळ मागितला, तर लगेच किल्ला, किल्ल्याखाली भुयार, भुयारात खजिना. कल्याणचा दुर्गाडी म्हटलं तरी तेच. म्हटलं, किल्ला राहू दे, आपली लोकल घे.

५ ऑगस्ट

अशा मजकुराच्या खेळांचा मूळपुरुष विल क्राउदर. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत तो स्वतः उतरायचा, तिचे नकाशे करायचा. घटस्फोटानंतर मुलींसाठी म्हणून त्यानं १९७६ च्या सुमारास त्याच गुहेवर खेळ लिहिला. १९७७ मध्ये डॉन वुड्सनं त्यात भर घातली. गुहा त्याच्या पायाखालची होती, म्हणून खेळ जमला असावा. आपली गुहा म्हणजे कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. कल्याणला फाटाही आयता: कसारा की कर्जत?

एआयनं फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून नेली. बोगदा १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून लांब. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यापासून तो मेल-एक्स्प्रेसकडे गेला आणि फास्ट लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागल्या. भाची म्हणाली, “मामा, ह्याला अजून तुझ्या कॉलेजचे दिवस आठवतायत.”

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

क्राउदरच्या खेळाला ‘दिवा घे’ इतपतच कळायचं. ‘पिशवीतल्या डब्यातला लाडू आजोबांना दे’ हे समजून घ्यायला हातानं प्रोग्रॅम लिहायचा, तर एकेका शब्दाची सगळी रूपं भरत बसावं लागेल. एआयला ‘जरा आत सरका की राव’सुद्धा कळतं. इथे त्याला मानलं.

पण त्याला नाही म्हणता येत नाही. भाचीनं लिहिलं, ‘आठच्या गाडीत बसतो.’ मिळाली सीट. खिडकीची. डोंबिवलीत!

१२ ऑगस्ट

तिनं सहज टाइप केलं, ‘दारात लटकतो.’ उत्तरात गार वारा, खाडीचं चमकतं पाणी, मोकळं मोकळं वाटणं. ९ जूनला मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारातली माणसं खाली पडून गेली, त्याला दोन महिने झालेत. आज पुढे काही केलं नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी. भाचीनं पायथनमध्ये पक्कं कोष्टक मांडलं: स्टेशन कुठलं, गाडी स्लो की फास्ट, कुठून सुटणारी, डब्यात गर्दी किती, खिशात पास आहे की नाही. एआयनं फक्त खेळणाऱ्याला काय करायचंय ते ओळखायचं. होईल की नाही ते कोष्टक ठरवणार, आणि आलेला निकाल एआयनं वाक्यात सांगायचा. २०१९ च्या ‘एआय डंजन’ या खेळात बहुतेक गोष्ट मॉडेलच रचायचं. मॉडेलला एका वेळी ठरावीकच मजकूर दिसतो, शिवाय देवनागरीला त्यात बहुधा जास्त जागा लागते. सगळं मॉडेलवर सोडलं तर हरवलेला पास थोड्या वेळानं पुन्हा खिशात सापडतो तो त्यामुळेच. मला विचाराल तर एआय निवेदक म्हणून ठीक. गार्ड करू नये.

१९ ऑगस्ट

धो धो पाऊस. ठाणे ते सीएसएमटी गाड्या बंद, ऑफिस घरून. शेजारचे काका खेळायला आले. सगळी नोकरी त्यांनी लोकलनं केली. त्यांनी पहिलंच वाक्य लिहिलं, ‘चौथी सीट द्या हो.’ कोष्टकानं नकार दिला. एआयनं लिहिलं, बाकावरच्या तिघांपैकी एकानं मोबाइलवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

“बरोबर आहे,” काका खूश. मग त्यांनी टाइप केलं, ‘खाली उतरतो, उलटा कल्याणला जातो.’ डाउन गाडी रिकामी होती. कल्याणहून सुटणारी स्लो घेतली आणि काका खिडकीत बसून डोंबिवलीत परत आले. भाची बघतच राहिली. उलटं जाऊन बसून यायची युक्ती तिनं कुठेच लिहिली नव्हती. गर्दीच्या आकड्यांतूनच ती निघाली.

“पण पास डोंबिवली-ठाण्याचा ना?” काकांनी विचारलं. “मग टीसीनं कसं नाही धरलं मला?”

भाची टीसी लिहायला बसली.