काळा पडदा
गेले चार दिवस मी आईच्या आठवणी लॅपटॉपवर उतरवून घेत होतों. ती ऐशीच्या पुढें गेलेली. एकदां सांगितलेलें पुन्हां तसेंच सांगेल, याचा भरंवसा नाहीं. परवां परशुरामभाऊ पटवर्धनांनीं बांधविलेल्या तासगांवच्या देवळाचा ऋषिपंचमीचा रथ वर्णितां वर्णितां ती थांबली, म्हणून मी चहाला उठलों. परत येतों तों पडदा काळाकुट्ट! दिवा मात्र मिणमिणत होता.

बटण दहा सेकंद दाबून धरावें, हा सर्वांस ठाऊक असलेला उपाय. पण झोपलेलें यंत्र न साठविलेला मजकूर विजेच्या आधारानेंच स्मृतींत जपतें; आधार तुटला कीं मजकूर गेला. माझें अर्धें पान तसेंच होतें. (आणि विद्यार्थ्यांना वक्तशीरपणाचे धडे मीच देतों!)

शेजारचा मुलगा आला. त्यानें पडद्यावर विजेरी तिरपी धरली. अक्षरांचा मागमूस नव्हता, तेव्हां दोष मागच्या प्रकाशाचा नव्हे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा त्यानें एकदम दाबल्या. यानें चित्र दाखविणारा भागच नव्यानें सुरू होतो, मजकुराला सहसा धक्का लागत नाहीं. बारीक आवाज झाला, आणि रथ अर्ध्या वाटेवर असलेलें तें वाक्य समोर आलें.

मीं आधीं तें साठविलें, मग आईला हांक मारली.

"कुठवर आलें होतें रे मी?" तिनें विचारलें.