वरणफळ, दाळढोकळी आणि एक इटालियन सूप

‘सूप’ हा शब्द उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन वस्तू उभ्या राहतात : एक धान्य पाखडावयाचे सूप आणि दुसरे हॉटेलात वाडग्यातून येणारे तांबूस, पिठूळ पेय. तिसरा अर्थ मात्र आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. संस्कृतात सूप म्हणजे डाळीचे कालवण, आणि ते रांधणारा तो सूपकार. रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी 1875 साली मराठीत पाकशास्त्रावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘सूपशास्त्र’ असेच आहे. त्याच वर्षी सयाजीराव महाराज बडोद्याच्या गादीवर आले, हा योगायोग आम्हां बडोदेकरांना सुखावून जातो. युरोपातील ‘सूप’ शब्दाची कुळकथा वेगळी आहे. तिकडे मुळात रश्शात भिजवलेल्या पावाच्या तुकड्यास हे नाव होते. आपल्याकडे नाव डाळीचे आणि तिकडे नाव पावाचे. डाळ व कणीक एकाच पातेल्यात शिजवणाऱ्या आपल्या वरणफळास दोन्ही अर्थ सारखेच लागू पडतील.

1734 पासून बडोदे गायकवाडांकडे स्थिर झाले आणि त्यांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, पुजारी, वैद्य, शिक्षक अशी कुटुंबे दक्षिणेतून येत राहिली. रावपुरा, दांडिया बाजार या भागांतून त्यांचे संसार रुजले. त्या संसारांबरोबर वरणफळही आले. कोणाकडे त्याला चकोल्या म्हणत, कोणाकडे डाळफळ. तुरीच्या वरणात आमसूल आणि गोडा मसाला, वर कणकेच्या लाटलेल्या चकत्या आणि वाढताना तुपाची धार. भिंतीपलीकडच्या गुजराती घरात त्याच वेळी दाळढोकळी शिजत असे. तिच्यात शंकरपाळ्यांच्या आकाराचे तुकडे, शेंगदाणे, कोकम आणि गूळ. दोन्ही पदार्थ इतके सख्खे की भिंतीच्या अलीकडे कोणता आणि पलीकडे कोणता, हे केवळ फोडणीच्या वासावरून ओळखावे.

या शहराला इटलीही अगदीच परकी नाही. 1890 साली पुऱ्या झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये व्हेनिसच्या पद्धतीची मोझेक फरशी आहे, आणि फेलिची या इटालियन शिल्पकाराच्या कलाकृतीही त्या वास्तूत आहेत. आमच्या शाळेच्या मुलांना आम्ही राजवाडा दाखवावयास नेतो, तेव्हा फरशीचे बारीक तुकडे पाहून मुले हटकून विचारतात, “सर, हे एकेक हाताने बसवले?” हाताने केलेल्या कामाविषयीचा तोच आदर स्वयंपाकघरातही असावा असे आम्हांस वाटते.

आमच्या घरी इटली आली ती निराळ्या निमित्ताने. आमच्या मातुःश्री 81 वर्षांच्या. एका हिवाळ्यात दीर्घ तापातून उठल्यावर त्यांची अन्नावरील वासनाच उडाली. डॉक्टरांनी तळलेले वर्ज्य केले, तेल-तूप बेताचे ठेवण्यास सांगितले, परंतु अन्न पोषक हवे हेही बजावले. भाज्यांचे गाळलेले पाणी पुढे ठेवले की त्या वाटी सरकवीत आणि म्हणत, “हे पाणी मी कशाला पिऊ? भूक आहे ती जेवणाची.” वरणफळातील चिवट चकत्या कवळीला दाद देईनात. आमच्या सूनबाई माहेरच्या गुजराती. त्यांनी मोठ्या प्रेमाने मऊ दाळढोकळी केली, तर “डाळीत एवढा गूळ सणालाच शोभतो,” असा शेरा मिळाला. सूनबाईंनाही गोड्या मसाल्याचा उग्रपणा सोसत नसे. परिणामी एका घरात दोन पातेली चढू लागली, आणि दोन्हींतून उरू लागले.

अशा वेळी सूनबाईंनी इटालियन सूप करून पाहण्याचा प्रस्ताव मांडला. भाज्या, कडधान्य आणि त्यात शिजणारे मऊ गोळे असे त्याचे स्वरूप. आम्हीही थोडे वाचन केले. इटलीत या गोळ्यांचे अनेक प्रकार आहेत. उत्तरेकडील त्रेन्तिनो भागात शिळ्या पावाचे ‘कानेदेर्ली’ रश्शात सोडतात. रोमान्यात पावाचा चुरा, चीज आणि अंडी यांचे ‘पास्सातेल्ली’ पाडतात. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांच्या 1891 साली प्रसिद्ध झालेल्या विख्यात पाकग्रंथात पास्सातेल्लीला स्थान मिळाले आहे. शिळा पाव वाया जाऊ नये आणि थोड्या जिनसांत घर जेवावे, ही त्यामागची गृहिणीची चिंता आपल्या ओळखीचीच. आमचे मन मात्र जडले तोस्कानातील ‘न्यूदी’वर. या शब्दाचा अर्थ ‘उघडे’. पारीत भरावयाचे पालक आणि ताज्या चीजचे सारण पारीवाचूनच शिजवायचे, म्हणून हे नाव. मोदकाची पारी वगळून सारणच ताटात यावे तसा हा प्रकार. लोंबार्दीत अशाच गोळ्यांना ‘माल्फात्ती’ म्हणजे ‘ओबडधोबड’ म्हणतात. नवशिक्यांना याहून मोठा दिलासा कोणता?

भाजी आणावयास आम्ही खंडेराव मार्केटला गेलो. ही भव्य इमारत 1906 सालची. सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण सर्व राज्यात सक्तीचे केले तेही त्याच वर्षी. पालकाची जुडी, गाजर, दुधी, फरसबी आणि टोमॅटो घेतले. टोमॅटो इटलीचा म्हणून गाजतो खरा, पण तो तिकडेही पाहुणाच. अमेरिका खंडातून आधी युरोपात गेला आणि मग आपल्याकडे आला.

कृती चार माणसांपुरती अशी. अर्धी वाटी चवळी रात्री भिजवून सकाळी कुकरमध्ये मऊ शिजवावी. एक लिटर गाईचे दूध लिंबाने फाडून फडक्यात टांगावे व त्याचे पाणी राखून ठेवावे. पालक वाफवून घट्ट पिळावा आणि बारीक चिरून अर्धी वाटी घ्यावा. फडक्यातील मऊ चोथा, पालक, चार मोठे चमचे बारीक रवा, दोन चमचे कणीक, मीठ, मिरपूड आणि किंचित जायफळ एकत्र मळून वीस मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे रवा फुगतो. मग सुपारीएवढे गोळे वळावेत.

पातेल्यात दोनच चमचे तेलावर कांदा, लसूण आणि चिरलेल्या भाज्या परताव्यात. टोमॅटो, चवळी आणि सहा वाट्या पाणी घालावे. त्यांतील दोन वाट्या फाटलेल्या दुधाचे पाणी असावे. दाटपणासाठी साय किंवा मैदा नको. पळीभर चवळी ठेचून घातली की पुरे. भाज्या शिजल्यावर आच मंद करून आधी एकच गोळा सोडावा. तो विरघळला तर मिश्रणात आणखी चमचाभर कणीक मिसळावी. गोळे वर तरंगू लागल्यावरही थोडे शिजू द्यावेत. सारी मिळून आठ-दहा मिनिटे लागतात. खळखळा उकळीने ते फुटतात. शेवटी सब्जाची चार पाने चुरडून घालावीत. फालुद्यात आपण ज्याचे बी घालतो त्याच झाडाला इटालियन लोक बेसिल म्हणून डोक्यावर घेतात.

मातुःश्रींनी पहिला गोळा चमच्याने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर आपली फळंच!” सूनबाई हसून म्हणाल्या, “आजी, अमारे त्यां आने ढोकळी कहे.” टोमॅटोचा आंबटपणा थोडा चढा लागला, तेव्हा सूनबाईंनी चिमूटभर गूळ सुचवला, आणि मातुःश्रींनी तो निमूटपणे घालू दिला. वाटी रिकामी झाली. पुढच्या खेपेस त्या आपणहून स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. उकडीचे मोदक वळलेल्या त्या हातांनी गोळे असे एकसारखे उतरले की ‘ओबडधोबड’ हे नाव आमच्या घरी टिकलेच नाही. ताप आल्यापासून त्यांनी चुलीजवळच्या कामाला हात लावला तो त्या दिवशी प्रथमच.

पुढे आमच्या लक्षात आले की वरणफळ कसे असावे याविषयी एकीची मते पक्की होती, आणि दाळढोकळीविषयी दुसरीची. या तिसऱ्या पदार्थावर दोघींपैकी कोणाच्याच माहेरचा हक्क नव्हता. त्यामुळे तो दोघींना मिळून शिकता आला. आता त्याच पातेल्यात कधी आमसूल पडते, कधी मेथीचे वाफवलेले मुठिये. दोन भाषांच्या या शहरात आमच्या नातवंडांनी त्याला काय म्हणावे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. वरणफळ हा शब्द मात्र त्यांच्या कानांवर राहावा म्हणून शनिवारी तेही होते, थोड्या पातळ चकत्यांचे.

ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांची भूक मंदावली असेल त्यांनी पौषात पालक कोवळा असतानाच हे सूप करून पाहावे, आणि गोळे वळावयास त्यांनाच शेजारी बसवावे.