आखेन : हत्तीचे गाव, विद्यार्थ्यांचे गाव

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, जिथे बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमा येऊन मिळतात, तिथे आखेन हे शहर आहे. कलोनहून रेल्वेने साधारण तासाभराचा रस्ता. आपल्याकडे हे नाव इंजिनिअरिंगची मुले सोडली तर फारसे कुणी ऐकलेले नसते. पण या गावाचा मुसलमानांशी संबंध बाराशे वर्षांचा आहे. सम्राट शार्लमेनचा मुख्य दरबार इथे होता. बगदादचे खलीफा हारून रशीद यांनी त्याला अबुल अब्बास नावाचा हत्ती भेट म्हणून पाठवला आणि तो समुद्र ओलांडून, आल्प्सचे डोंगर चढून 802 साली आखेनला पोहोचला. त्याला घेऊन आला तो इसहाक नावाचा एक ज्यू. त्याच्याबरोबर बगदादला गेलेले शार्लमेनचे दोन्ही दूत प्रवासातच वारले होते. पुढे 807 साली खलीफांकडून एक पाणघड्याळही आले. हत्ती 810 मध्ये मेला. थंड मुलखात त्याची देखभाल कशी केली असेल, हा प्रश्न आम्हाला त्या चार-पाच दिवसांत बरेचदा पडला, कारण ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आमचे दात वाजत होते.

शार्लमेनच्या काळातले चर्च अजून उभे आहे. युनेस्कोने 1978 साली जागतिक वारशाची पहिली यादी केली, त्यातल्या बारा ठिकाणांपैकी ते एक. जवळच गरम पाण्याचे झरे आहेत. एलिझेनब्रुनेन नावाच्या खांबांच्या मंडपात नळातून गंधकाचे पाणी वाहते आणि त्याला कुजलेल्या अंड्याचा वास येतो. आम्हाला उन्हवरे आणि तुरळच्या कुंडांची आठवण झाली. कोकणातल्या माणसाने तिथे नाक मुरडायचे काही कारण नाही.

आम्ही गेलो होतो ते मात्र चर्च किंवा झरे बघायला नव्हे. आमची भाची तिथल्या आरडब्ल्यूटीएच या तंत्र विद्यापीठात मास्टर्स करते. 1870 साली सुरू झालेल्या या विद्यापीठात सुमारे 45 हजार विद्यार्थी आहेत आणि त्यातले चौथा हिस्सा तरी परदेशी. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत आता भारतीयांचा पहिला नंबर आहे. 2023-24च्या हिवाळी सत्रात ते 49 हजारांवर होते. त्यात आपल्या घरांतली मुले-मुलीही आहेत. मुलगी एकटी कशी राहील, यावर आमच्या आपाच्या घरी दोन महिने वाद चालला होता. शेवटी पोरगी गेली. पुढचे तिच्या परवानगीने लिहीत आहोत.

आधी पैशांचे सांगतो, कारण घरोघर पहिला प्रश्न तोच असतो. सरकारी विद्यापीठात बहुतेक अभ्यासक्रमांना शिक्षण शुल्क नाही. दर सत्राला तीनशे युरोंच्या आसपास वर्गणी भरावी लागते आणि त्यात देशभर लोकल गाड्या-बसचा पास येतो. काही इंग्रजी मास्टर्सना मात्र वेगळी आणि भरभक्कम फी असते. एजंट हे दोन्ही एकाच दमात सांगतात, तेव्हा अभ्यासक्रमाचे नाव घालून स्वतः तपासावे. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला 992 हातात येतात. 2022च्या अखेरीपासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस म्हणजे कागदपत्रे पडताळणीचा दाखलाही लागतो. कामाची मुभा वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस. एवढ्यात घर चालते, पण घरी पैसे पाठवता येत नाहीत. जे पाठवतात त्यांचा अभ्यास बुडतो, हे भाचीने आम्हाला नावे न घेता सांगितले.

विद्यापीठाला भिंत नाही, फाटक नाही. शहर कुठे संपते आणि विद्यापीठ कुठे सुरू होते, ते कळत नाही. मुख्य इमारतीशेजारी काचेची, इंग्रजी सी अक्षरासारखी एक इमारत आहे, तिचे नाव सुपर-सी. नव्या परदेशी मुलाचे अर्धे आयुष्य या इमारतीत जाते. परदेशी विद्यार्थ्यांचे कार्यालय इथे आहे, अभ्यासाचा सल्ला देणारे आहेत आणि राहण्याचा परवाना देणाऱ्या खात्याची एक शाखाही विद्यापीठाच्या लोकांसाठी इथेच ठेवली आहे. आम्ही गेलो तेव्हा सत्र सुरू होत होते. पाठीवर बॅगा, हातात फाइली, डोळ्यांत झोप नाही, अशी जगभरची मुले जिन्यांवर बसलेली. घराचा पत्ता नोंदवायचा, विमा काढायचा, बंद खाते उघडवायचे. एक कागद अडला की पुढचे तीन अडतात.

यासाठी ‘बी-बडी’ नावाची सोय आहे. नव्या परदेशी विद्यार्थ्याला एक जुना विद्यार्थी जोडून देतात. तो स्टेशनवर घ्यायला येतो, पत्ता नोंदवायला सोबत जातो, रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की 25 सेंट परत मिळतात, हेही दाखवतो. आमची भाची यंदा स्वतः कुणाची तरी बडी होती. जकार्ताची एक मुलगी. दोघींचा हिजाब पाहून आम्हाला वाटले विद्यापीठाने मुद्दाम जोडी जुळवली असेल. भाची हसली. “नाही मामू, मी अर्जात फक्त आशियातली चालेल असे लिहिले होते.”

पोंट रस्ता हा विद्यार्थ्यांचा रस्ता. खाण्याची दुकाने, सायकली, रात्री उशिरापर्यंत गर्दी. तिथल्या हुम्बोल्ट-हाऊसमध्ये ‘इन्कास’ ही परदेशी आणि जर्मन विद्यार्थ्यांनी मिळून चालवलेली संस्था आहे. देशोदेशींच्या संध्याकाळी, सहली, भाषेच्या बैठका असे काही ना काही चालते. भाचीला जर्मन बोलायची हिंमत वर्गात नाही, तिथल्या चहाच्या टेबलावर आली. विद्यापीठाच्या मेन्सामध्ये, म्हणजे खानावळीत, पाटीवर डुकराचे मांस, गोमांस, शाकाहारी अशा खुणा असतात. कोंबडी हलाल नसते, हे गृहीत धरायचे. ती शाकाहारी नाहीतर मासळी घेते आणि शनिवारी तुर्की दुकानातून आठवड्याचे मटण आणते. रविवारी दुकाने बंद. हे विसरले की ब्रेड आणि लोणच्यावर दिवस काढायचा.

नमाजचे विचारल्याशिवाय आपल्या वाचकांचे समाधान होणार नाही. जर्मनीत सरकारी विद्यापीठे धर्माच्या बाबतीत तटस्थ राहतात. 2016 साली बर्लिनच्या तंत्र विद्यापीठाने नमाजची जागा बंद केली आणि डॉर्टमुंडने शांततेसाठी ठेवलेली खोली. तेव्हा बरीच चर्चा झाली होती. आखेनचे नशीब चांगले, कारण विद्यापीठाला लागूनच बिलाल मशीद आहे. 1960च्या दशकात इथे शिकायला आलेल्या मुसलमान विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली, आणि जर्मनीतल्या जुन्या मशिदींत तिची गणना होते. म्हणजे कुणा बादशहाने नव्हे, परीक्षेच्या काळजीत असलेल्या पोरांनी ती उभी केली. जुम्याला आम्ही तिथे होतो. अरब, तुर्क, बोस्नियन, आफ्रिकी, इंडोनेशियन, आणि मागच्या सफेत मराठीत कुजबुजणारे दोघे. सलाम झाल्यावर चौकशी केली तर एक सोलापूरचा, एक औरंगाबादचा. प्रयोगशाळा सुटून धावत आलेले, दहा मिनिटांत धावत परत गेले.

वेळांचा हिशेब तिथे वेगळा आहे. डिसेंबरमध्ये मगरीब साडेचारच्या सुमारास होते, म्हणजे जोहर, असर, मगरीब तिन्ही तासिकांच्या मध्येच. जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या पुढे मावळतो आणि इशासाठी मध्यरात्रीपर्यंत जागावे लागते. घरून फोन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवले तर पोरांवर विनाकारण शंका येणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आपाने आम्हाला पाठवले होते, त्याकडे येतो. उन्हाळ्यापासून भाचीचे फोन कमी झाले होते. व्हिडिओ नाही, फक्त “मी बरी आहे”. आपाला वाटले पोरगी बिघडली. आमच्या हिला वाटले पोरगी आजारी आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात खिचडी ढवळता ढवळता, तिने मामीला सांगितले. एका विषयात ती दोनदा नापास झाली होती.

आपल्याकडे एटीकेटी असते, दहादा बसता येते. तिथे एका परीक्षेला साधारणपणे तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झाले की त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होते, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. राहण्याचा परवाना शिक्षणाशी बांधलेला, तोही धोक्यात. पोरीने हे चार महिने एकटीने पोटात ठेवले होते. नव्या मुलीला सगळी दारे दाखवणारी ही, स्वतःसाठी एकाही दारावर गेली नव्हती. का, म्हणून विचारले तर म्हणाली, “मामी, अम्मीने माझ्यासाठी सगळ्या मोहल्ल्याशी भांडण केलंय.”

ही तिला दुसऱ्या दिवशी घेऊन सुपर-सीमध्ये गेली. आत ती एकटी गेली, आम्ही बाहेर बसलो. तासाभराने आली. सल्लागार बाईंनी रागावणे नाही, उपदेश नाही, सरळ कागद मांडला होता. ठरावीक मुदतीपर्यंत परीक्षेतून नाव मागे घेता येते, तेव्हा तयारी नसेल तर तिसरी संधी वाया घालवू नको. या सत्रात बाकीचे विषय कमी घे. तुझ्या विभागाच्या ‘फाखशाफ्ट’कडे जा. फाखशाफ्ट म्हणजे त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांचे मंडळ. तिथे जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात आणि वरच्या वर्गातली मुले शिकवायलाही बसतात. झोप लागत नाही असे सांगितल्यावर विद्यापीठाच्या मानसोपचार समुपदेशनाची वेळ घेऊन दिली. त्याला पैसे पडत नाहीत आणि तिथली गोष्ट बाहेर जात नाही. जर्मनीतल्या अनेक विद्यापीठ-शहरांत ‘नाइटलाइन’ नावाची फोनसेवाही आहे. रात्री विद्यार्थीच विद्यार्थ्यांचे ऐकतात, नाव विचारत नाहीत. हे सगळे तिला पहिल्या आठवड्यात मिळालेल्या पिशवीतल्या पत्रकांत छापलेले होते. पिशवी कपाटावर होती.

आपाला सांगायचे कुणी, हा मोठा प्रश्न होता. आम्ही सांगितले असते, पण भाची म्हणाली मीच सांगते. कोकणात तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आम्ही बाल्कनीत जाऊन उभे राहिलो. आत बराच वेळ रडण्याचा आवाज, मग थोडे भांडण, मग एकदम आपाचा खणखणीत प्रश्न बाहेरपर्यंत ऐकू आला, “तिसरा पेपर कधी?”

पेपर फेब्रुवारीत झाला. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून, दोन तमिळ आणि एका जर्मन मुलीबरोबर ग्रंथालयात बसून, भाची पास झाली, अलहम्दुलिल्लाह. आता प्रबंध चालू आहे. त्यानंतर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो, त्याची चिंता आपाने आत्तापासून सुरू केली आहे. दर रविवारी फोन होतो. जेवलीस का, नमाज पढलीस का, हे दोन प्रश्न झाले की तिसरा ठरलेला असतो : “फकशापला गेली होतीस का?” भाचीने उच्चार सुधारायचा नाद सोडून दिला आहे.